इंजिन-सासूबाई आणि चार जावा

एक होती जुनी मोटार. तिच्या पोटात इंजिन-सासूबाई राहायच्या आणि त्यांच्या चार सुना, म्हणजे चार इंजेक्टर. पेट्रोलचा बारीक फवारा मारून सासूबाईंना भरवायचं, एवढंच सुनांचं काम.

एकदा सासूबाई ठसका लागल्यासारख्या खोकायला लागल्या. थोरली जाऊ लगेच म्हणाली, "धाकटीचं तोंड चोंदलंय. द्या तिला भंगारात!" मधल्या दोघींनी माना डोलावल्या. धाकटी बिचारी रडकुंडीला आली.

मालक भिवातात्यांनी अंगणात चौघींना बाहेर काढलं, धुण्याच्या औषधाला हवेचा पंप जोडला आणि एकेकीखाली पेला धरला. धाकटीचा फवारा उडाला धुक्यासारखा. थोरलीचे मात्र टपटप थेंब!

"माझं वय झालंय," थोरली पुटपुटली.

पंप हसला. "वय नव्हे वहिनी, काजळी आहे. आ करा!" त्यानं जोर लावला, तशी काळी घाण भस्सकन बाहेर पडली.

थोरली खाली मान घालून म्हणाली, "धाकटे, बोलले ते विसर गं."

"विसरले, जाऊबाई. चला आधी, सासूबाई उपाशी आहेत."

सासूबाई पहिल्याच चावीला उठल्या. त्याच महिन्यात तात्यांच्या लेकीची वरात त्या मोटारीतून निघाली, आणि चौघी जावा मानानं मिरवल्या.