नको-नको राजा आणि वेडू पाटलाचा आंबा

एक होता राजा. त्याला सगळं हवं असायचं, पण कुणी विचारलं की म्हणायचा, "नको."

उदेभान त्याचं नाव. राज्य म्हणाल तर एवढंसं. एका टोकाला कुणी शिंकलं की दुसऱ्या टोकाचं माणूस म्हणायचं, "सर्दी झाली वाटतं." पण राजा तो राजा. डोक्यावर मुकुट, आणि मागे दिवाण. दिवाणाचं नाव त्र्यंबकपंत. हे पंत राजाला रीतभात शिकवायचे. कसं बसायचं, कसं खोकायचं, सगळं. स्वतः मात्र मनगटापर्यंत हात चाटून जेवायचे, बरं का.

पंतांनी राजाला लहानपणीच एक धडा घोटून दिला होता. "महाराज, कुणी खायला दिलं की तीनदा नको म्हणायचं. चौथ्यांदा आग्रह झाला की मग, तुमचं मन मोडवत नाही, असं तोंड करून घ्यायचं. पहिल्या हाकेला हात पुढे करतो तो हावरट."

हसताय काय? तुमचे बाबा शेजारी गेले की दुसरं काय करतात? "नको नको, आत्ताच घेतला चहा," म्हणतात, आणि डोळा सगळा बिस्किटांच्या बशीवर.

मग त्या राजाचं लग्न झालं. राणी मिळाली सातपुड्याच्या पायथ्याची. वेडू पाटलाची थोरली लेक, कौतिका. पाटलाचं नाव वेडू, पण माणूस चांगला शहाणा. पोराला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या आईने ठेवलं होतं ते. दृष्ट नाही लागली, नाव तेवढं लागलं.

राजवाड्यातला आचारी फार भित्रा. मीठसुद्धा तीन जणांना विचारून टाकायचा. कौतिका दोन घास खायची आणि म्हणायची, "हे काय जेवण! आखाजीला आमच्याकडे चला. सगळं गणगोत मळ्यात जेवायला जातो आम्ही. गोवऱ्यांच्या आरात भाजलेल्या बट्ट्या, वांग्याची घोटलेली भाजी, खापरावरचे मांडे, आणि रस!" रस म्हणताना ती डोळे मिटायची. असं वर्षभर चाललं. राजाच्या तोंडाला वर्षभर पाणी. पण बोलून दाखवेल तो राजा कसला!

मग आखाजी आली. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. तिकडे त्या दिवसांत सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि गाण्यातून सासूला दोन टोमणे मारून घेतात. कौतिका निघाली. या खेपेला राजाही निघाला. राजा निघाला म्हणून पंत निघाले. रस निघणार होता म्हणूनही पंत निघाले.

वाटेत बैलगाडीत कौतिका म्हणाली, "अहो, एक सांगून ठेवते. आमच्या मळ्यात एक जुना आंबा आहे. त्याच्याखाली जपून बोला. तो माणसाचं बोलणं खरं धरतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे खरं धरतो. माझा चुलता लहानपणी रुसला आणि त्या झाडाखाली म्हणाला, मला गूळ नको. आता साठीला आलाय. गुळाचा खडा तोंडात घातला की कडू जहर लागतो त्याला. दिवस बुडायच्या आत आपल्या तोंडाने खरं बोलला असता तर सुटला असता. पण रुसलेलं माणूस कुठलं बोलतंय!"

राजा हसला. पंत तर गाडीतून पडता पडता राहिले. "झाडाला का कुठे कान असतात, राणीसाहेब?"

कौतिकाने झोक्याचं गाणं गुणगुणायला घेतलं. माहेरच्या वाटेवर कुठली बाई वाद घालत बसते!

दुसऱ्या दिवशी सगळे मळ्यात. पोरं नदीत पडलेली, ती काही बाहेर निघेनात. पाटील आणि त्यांचे सोबती विहिरीच्या काठावर बसून एकमेकांची थट्टा करत होते. कुणाचं टक्कल, कुणाचा बैल. खळ्यावर ऊन कडक, म्हणून गावातल्या बायांनी दहा खाटा मांडून वर्षभराच्या कुरडया आणि पापड वाळत घातले होते. पांढऱ्याशुभ्र कुरडया. पोरं येता-जाता एखादी ओलीच तोंडात टाकायची आणि धपाटा खायची.

आंब्याखाली चुली पेटल्या. कौतिकाची आई, धुरपाबाई, मांडे करायला बसली. कणीक हातावर घेतली, फिरवली, फिरवता फिरवता कोपरापर्यंत नेली. मांडा झाला केवढा? पंतांच्या उपरण्याएवढा. मग अलगद पालथ्या खापरावर टाकला. तिकडे बट्ट्या भाजून फुटल्या, त्यांच्या पोटात तूप गेलं. एका पातेल्यात रस. पिवळाधमक. माशी बसली तर तीही लाजेल असा.

मग पंगत बसली. राजा मधोमध. उन्हाने त्याची जीभ टाळूला चिकटली होती.

आधी आली धाकटी मेहुणी, तापी. हातात पन्ह्याची घागर. "दाजी, पन्हं घ्या."

"नको," राजा म्हणाला. मनात म्हणाला, एक झालं.

तापी पुढे निघून गेली! राजा बघतच राहिला. अहो, त्या झाडाखाली आग्रह करायची पद्धतच नव्हती. माणूस नको म्हणाला की नको. उगाच दुसऱ्यांदा विचारून कोण कुणाला अडचणीत टाकेल?

मग आले सासरे. "जावईबापू, बट्टी?"

"नको, नको. राहू द्या."

पाटील पुढे गेले. पंतांनी चार बट्ट्या घेतल्या. रीत राजाला असते, दिवाणाला नसते. आणि राजाच्या कानाशी म्हणाले, "शाब्बास महाराज. आता तिसरं जरा ठसक्यात म्हणा. मग बघा कसे हातापाया पडतात."

मग स्वतः सासू आली. डोक्यावर पदर, हातात रसाचं पातेलं. तो वास राजाच्या नाकात शिरला आणि थेट टाचेपर्यंत गेला. राजाने मान ताठ केली.

"रस? छे छे! मला आवडतच नाही."

वारा नव्हता, बरं का. वैशाखातली दुपार, पान हलत नव्हतं. पण तो आंबा मुळापासून शेंड्यापर्यंत शहारला.

राजाने वाट पाहिली. कुणी येईना. मग हळूच शेजारचा पन्ह्याचा पेला उचलला. पेला कोरडा. खाली ठेवला, पेला भरलेला. मग बट्टीला हात घातला. बट्टी गडगडत निघाली आणि पंतांच्या पानात जाऊन बसली. मग रसाच्या वाटीत बोट घातलं. रस वाटीच्या कडेवरून चढला, खाली उतरला, आणि चालत चालत परत पातेल्यात गेला.

कौतिकाने कपाळावर हात मारला. "झालं! ऐकलं त्याने. आता दिवस बुडाला की जन्मभर पन्हं नाही, बट्टी नाही, रस नाही. सांगून टाका खरं सगळ्यांसमोर."

"काय सांगू?"

"भूक लागली म्हणून सांगा. वाढा म्हणा."

राजाचा चेहरा उतरला. जन्मात त्याने कधी काही मागितलं नव्हतं. त्यात सासुरवाडी, त्यात सासू, त्यात एवढं गाव. जन्माचा रस गेला तरी चालेल, पण मागायचं कसं?

मग राजाने काय केलं? उठला, कमरेवर हात ठेवले आणि झाडाला हुकूम सोडला. "आम्ही राजे आहोत. आमचा शब्द आम्हाला परत कर!" झाडावरून एका कावळ्याने उत्तर दिलं. ते मुकुटावर पडलं.

मग राजाने सासऱ्याचं पागोटं घातलं आणि पंगतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पाटलासारखा खोकलाही. बट्टी त्याच्याकडे पाहून गडगडत निघाली, ती पुन्हा पंतांच्याच पानात.

मग पंत म्हणाले, "महाराज, मी मागतो तुमच्या वतीने." उभे राहिले, हात जोडले, म्हणाले, "रस हवा आहे हो!" झाडाला वतीने-बितीने काय कळतंय? मागितलं कुणी, पंतांनी. पातेल्यातून रसाची धार उठली ती सरळ पंतांच्या तोंडात. पंतांना तोंड मिटता येईना. मिशा पिवळ्या, उपरणं पिवळं, पोट नगाऱ्यासारखं. शेवटी कसंबसं ओरडले, "पुरे! आता जन्मात रस नको!"

झाड पुन्हा शहारलं. पंतांच्या लक्षातही आलं नाही. ते तिथेच आडवे झाले आणि घोरायला लागले.

ऊन कलायला लागलं. पोरं कोयी चोखत होती, चुरुक चुरुक. सावली लांब होत विहिरीपर्यंत गेली. राजा एकटा बसलेला. आणि मग त्याचं पोट वाजलं. असं तसं नाही. गुर्रर्र करून, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असं.

तापी म्हणाली, "अगं बाई, हे काय वाजलं?"

सगळ्यांच्या माना राजाकडे. राजा लालेलाल. आणि सवयीने म्हणून गेला, "काही नाही. ढग गडगडला."

झाडाने तेही खरं धरलं.

सातपुड्याच्या मागून एक काळा ढग वर आला. मग त्याच्यामागे दुसरा. आकाश गडगडलं, वारा सुटला. बाया ओरडल्या, "कुरडया! अगं कुरडया भिजतील!" मांडे टाकून, पानं टाकून सगळ्या खळ्याकडे धावल्या. दहा खाटा, बारा बाया. कुठे कुठे धावणार? एक टपोरा थेंब पहिल्या खाटेवर पडला. टप्. एक म्हातारी खाटेशेजारी मटकन खाली बसली. गहू तीन दिवस भिजवा, वाटा, चीक काढा, शिजवा, मग कुठे ती कुरडई होते. वर्षाचं वाळवण होतं ते.

राजाने त्या म्हातारीकडे पाहिलं. मग तो एकदम उठून उभा राहिला, मुकुट वाकडा, पागोटं त्याच्यावर, आणि जिवाच्या आकांताने ओरडला.

"ढग नव्हता! माझं पोट होतं! पोट वाजलं माझं! सकाळपासून भूक लागली आहे मला!"

वारा थांबला. दुसरा थेंब पडता पडता वरच राहिला. ढग जरा घुटमळले, आणि आल्या वाटेने डोंगराआड गेले.

सगळा गाव राजाकडे बघत होता. आता आणखी काय लाज जायची राहिली होती? एकदा तोंड उघडलं ते उघडलं. राजा धुरपाबाईसमोर गेला, खाली मांडी घालून बसला, आणि म्हणाला, "मामी, वाढा. पन्हं हवंय. बट्टी हवीय. आणि रस मला आवडत नाही म्हणालो ते साफ खोटं. वर्षभर त्याचीच स्वप्नं पडतात मला."

धुरपाबाई हसली. "मग आधी नाही का बोलायचं, बापू? हात दुखले माझे पातेलं धरून."

आणि तिने वाढलं. राजाने पेला धरला, पन्हं जागच्या जागी. राजाने बट्टी मोडली, बट्टी मुकाट्याने मोडली. राजाने मांड्याचा तुकडा रसात बुडवला आणि तोंडात घातला. डोळे मिटले, ते बराच वेळ उघडलेच नाहीत. एक वाटी झाली. तीन झाल्या. सहा झाल्या. सासू वाढतेय, जावई जेवतोय. दिवस बुडाला तरी जेवतोय.

आता खरी गंमत झाली. पोट भरलं. अगदी गळ्यापर्यंत. नको म्हणावं, तर झाड ऐकणार आणि जन्माचा रस जाणार. म्हणू नये, तर पोट फुटणार. धुरपाबाईने सातवी वाटी पुढे केली. राजाला दरदरून घाम फुटला. कौतिकाला सगळं कळत होतं, पण ती पदरात तोंड घालून हसत होती. बायका असल्या वेळी मदत करत नाहीत.

राजाने वर झाडाकडे पाहिलं. खूप विचार केला. मग जे खरं होतं तेवढंच म्हणाला. "आज पुरे. उद्या वाढा."

झाडाने तेही खरं धरलं. दुसऱ्या दिवशी बैल जुंपले तर गाडी जागची हलेना. राजाने आंब्याखाली बसून वाटीभर रस खाल्ला तेव्हा चाक फिरलं. पण रस खाऊन पुन्हा तोच म्हणाला, "आज पुरे, उद्या वाढा." मग काय, बैल सोडले. असं करत करत आंबे संपेपर्यंत राजा सासुरवाडीलाच राहिला. नदीत डुंबला, झोक्यावर बसला, मांडे करायला गेला आणि सगळी कणीक दाढीला लावून आला. राज्यात राजा नाही, हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि पंत? पंतांना सगळे हलवून हलवून थकले, पण दिवस बुडायच्या आत काही ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटावर बसले, वाटी तोंडाला लावली, तर वाटी कोरडी. मग ते बिचारे आंब्याचं लोणचं खाऊन राहिले. तेही चांगलं होतं म्हणतात.

तेव्हापासून राजा आणि राणी दर उन्हाळ्यात मळ्यात जायचे, पोटभर जेवायचे, आणि सगळे मजेत राहायचे.

आता दिवा घालवते. काय म्हणालीस गं? झोप नाही आली? बाई बाई, त्या जांभईतून तुझी पडजीभ दिसतेय मला. झोपा बघू.