काचघरातला न दिसणारा बेडूक

पांघरूण घेतलंत? पाय आत घ्या. हं, आता ऐका.

धुक्याच्या पलीकडे काच ओतणाऱ्यांचं एक गाव होतं. कोणी म्हणतं, तिथे चांदणं वितळवून काच करत. ते मी सांगणार नाही, कारण चांदणं वितळत नाही. काच वाळूचीच होती. पण त्या काचेचा एक गुण मात्र खरा, बरं का. तिच्याआड ठेवलेला जीव सुखात असला, की ती निवळत जाई. तो कष्टी झाला, की ती धुरकट होई.

म्हणून गावाची एक रीत होती. काचपुनवेच्या दिवशी प्रत्येक भट्टीने आपल्या दारात एक काचघर मांडायचं आणि त्यात एक जीव ठेवायचा. राणीसाहेब स्वतः फिरून ती घरं पाहत. ज्याची काच धुरकट किंवा ज्याचं घर रिकामं निघेल, त्याची भट्टी महाजन पाण्याची घागर ओतून विझवत. आणि विझवलेली भट्टी पुन्हा पेटवायची नाही, असा नियम.

त्या गावात तरंगिणी नावाची मुलगी होती. तिच्या आप्पांचे डोळे जाळाकडे बघून बघून मावळले होते. त्यांना ना सकाळ दिसे, ना लेक. पण भट्टीशेजारी बसलं, की ऊब लागे, जाळाचा आवाज येई, आणि तेवढ्यावर आप्पा आनंदात असत. ही भट्टी विझली असती, तर त्यांच्याजवळ काय उरलं असतं, सांगा बरं!

मग त्या वर्षीचं काचघर तरंगिणीने केलं. त्याला नाजूक खांब, तळाशी सोनेरी वाळू, मधोमध आरशाचा तलाव. तिच्या आत्याने कमरेवर हात ठेवून ते पाहिलं.

"अगं, बेडूक राहायला आणतेयस, की त्याला राज्याभिषेक करतेयस?"

"आत्या, तू गप्प बस. बघणाऱ्यांचे डोळे दिपले पाहिजेत."

मग सांजवेळी ती कमळांच्या तळ्यावर गेली. त्या तळ्यावरचे बेडूक बोलत असत. पानापानावर बसून ते हळू आवाजात गुजगोष्टी करत, आणि पाण्यावर त्यांच्या शब्दांची वर्तुळं उमटत. तरंगिणीने त्यांतला सर्वांत देखणा निवडला. हळदीसारखा पिवळा, डोळ्यांभोवती काजळाची रेघ. तिने त्याला घरी आणून सोनेरी वाळूवर बसवलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, बरं का. तो कातडीने पितो. वाळू कोरडी आणि तलाव आरशाचा. मग तो बिचारा पिणार कुठून? बघता बघता काच दुधासारखी पांढरी झाली. तरंगिणी घाबरली. ओल्या फडक्यात घालून तिने त्याला धावत तळ्यावर नेऊन सोडलं.

मग तिने आरसा काढला, खरं पाणी भरलं आणि सर्वांत मोठा बेडूक आणला. त्याचा आवाज असा, की कमळं डोलत. पण काचघरात तो वळला, की खांब पडे. वळला नाही, की पाय अवघडे. काच राखेसारखी करडी झाली.

"बाई," तो म्हणाला, "मला पोसायला तुझं घर पुरेल. घुमायला आभाळ लागतं. तेवढं काही तुझ्याकडे दिसत नाही."

त्यालाही तिने परत नेलं. काचपुनव तर उद्यावर आली होती.

मग तिसऱ्या खेपेला तिने काही निवडलंच नाही. ती पाण्यात पाय सोडून बसून राहिली. आभाळ जांभळं झालं, मग निळं. शेजारचं एक वाळकं पान तिच्याकडे बघत होतं. पान कसलं, बोटाच्या पेराएवढा तपकिरी बेडूक होता तो!

"तुला काय लागतं रे?" तिने विचारलं.

"ओल. किडामुंगी. आणि लपायला जागा."

"लपायला? अरे, तुला तर लोकांनी पाहायचंय!"

"पाहणं त्यांचं काम. माझं काम राहणं."

तरंगिणी घरी गेली. तिने वाळू उपसली, खांब मोडले. ओली माती घातली, शेवाळ अंथरलं, कुजकी पानं पसरली, फुटक्या मडक्याची एक खापरी पालथी घातली. आत्या म्हणाली, "उकिरडा केलास गं!" मग तरंगिणीने त्या चिमुकल्याला आणलं. तो खापरीजवळच्या पानांत शिरला आणि दिसेनासा झाला.

काचपुनवेला सगळं गाव दारात जमलं. लोकांना माती दिसली, पानं दिसली. बेडूक काही दिसेना.

"रिकामंच आहे हे!" महाजन म्हणाले. "पोरी, आत असेल तर काचेवर टिचकी मार. हलला, की दिसेल."

तरंगिणीने बोट उचललं. काचेपाशी नेलं. आत कुठेतरी एक इवलासा जीव निवांत झोपला होता. बाहेर आप्पा भट्टीच्या उबेकडे पाठ करून बसले होते. टिचकी मारली असती, तर भट्टी वाचली असती. पण तिचं बोट पुढे जाईना.

"नाही मारणार," ती म्हणाली. "तो झोपलाय."

आप्पा म्हणाले, "मारू नकोस, बाळ. झोपू दे त्याला."

महाजनांनी घागर उचलली. राणीसाहेब नीट पाहण्यासाठी खाली वाकल्या, आणखी वाकल्या, आणि टण्णकन त्यांचं नाक आपटलं!

"अगं बाई!" त्या नाक चोळत म्हणाल्या. "इथे काच आहे?"

होती तर! पण इतकी निवळली होती, की हवेत आणि तिच्यात काही फरकच उरला नव्हता. राणीसाहेबांनी बोटांनी चाचपून पाहिली, तेव्हा कुठे ती सापडली. अशी काच गावात कोणी कधी पाहिली नव्हती. म्हणजे, तेव्हाही कोणी पाहिली नाहीच म्हणा!

मग राणीसाहेब हसल्या, गाव हसलं, महाजनांनीही घागर खाली ठेवली आणि तिच्यातलंच पाणी ते ओंजळीने प्यायले. भट्टी धगधगत राहिली. आप्पा तिच्या उबेला बसले, तरंगिणी त्यांच्याजवळ बसली, आणि सगळी सुखात राहिली.

बेडूक? तो एवढ्या गलबल्यातही जागा झाला नाही. पानाखाली त्याचं पोट हळूच वर होत होतं, हळूच खाली. वर... खाली...

झोपलात वाटतं. झोपा. मी काही टिचकी मारून बघणार नाही.