घरच्यांची पंगत

केळशेतच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला रोज पन्नासच माणसं. एक जरी वाढलं, तरी वनखातं हा सोहळा बंद करणार होतं. त्या दिवशी पन्नास भरले आणि सभापती दळवी वीस कार्यकर्ते घेऊन हजर!

"अगं रेवती, मोजायचे ते पाहुणे. आम्ही घरचेच!"

किनाऱ्याच्या दारावर रेवती माणसं मोजत होती. ती म्हणाली, "घरचेच ना भाऊ? मग पाहुण्यांची पंगत उठेपर्यंत घरच्यांनी वाढायचं असतं. जरा फाट्यावर उभं राहून गर्दी आवरता?"

नाही म्हणावं, तर पाहुणे ठरणार. सूर्य बुडेपर्यंत सभापती फाट्यावर ओरडत होते, "पन्नास झाले हो, उद्या या!"