तिसऱ्या घरातला चंद्र

एका राज्यात राजाचा दरबार घोड्यांच्या पागेत भरत असे. हसण्यासारखेच होते, पण हसायची कुणाची छाती नव्हती. राजा प्रतापमल्ल दाण्याच्या पेटाऱ्यावर बसे, प्रधान गवताच्या भाऱ्यावर. कोपऱ्यात एक दाढीवाला मोतद्दार खाली मान घालून घोड्यांना खरारा करी. निवाडा ऐन रंगात आला की एखादी घोडी फुरफुरे, आणि वादी-प्रतिवादी दोघेही दचकत.

याचे कारण सात वर्षांमागचे. राजा आणि त्याचा धाकटा भाऊ जयमल्ल सोंगट्या खेळत होते. एका दानावरून वाद लागला. ताटे वाढली, तरी वाद मिटेना. पंक्तीला अघोरकंठ नावाचा मांत्रिक पाहुणा होता; तो बिचारा पुरणपोळीची वाट पाहत होता. जयमल्ल म्हणाला, "दादा, डाव माझा." राजा म्हणाला, "राज्य माझं. ऊठ, चालता हो."

जयमल्ल भरल्या ताटावरून उठला आणि निघून गेला. पंगत मोडली, पुरणपोळी राहिली, आणि मांत्रिक खवळला. ओंजळीतले पाणी शिंपडून तो म्हणाला, "राजा, तुझं सिंहासन बंद! जे हरवलंय त्याचा प्रश्न विचारशील, तेव्हाच दार उघडेल. तोवर तुला खोटं उत्तर देणारा जोशी उभ्याउभ्या तांब्याचा होईल." एवढे बोलून तो गुप्त झाला. सिंहासनाच्या दालनाचे दार धाडकन मिटले, आणि दरबाराला पागेखेरीज ऐसपैस जागा उरली नाही.

राजा म्हणाला, "किल्ली हरवली!" सगळा दरबार म्हणाला, "किल्लीच हरवली!" राजा बोलेल त्याला मान डोलवायची, ही त्या राज्याची जुनी खोड.

मग जोशी आले. पहिला म्हणाला, किल्ली पूर्वेला विहिरीत. तो तांब्याचा झाला. दुसरा म्हणाला, पश्चिमेला माळावर, तोही झाला. तिसरा राजजोशी विसाजी. त्याला उत्तर ठाऊक नव्हते, पण "ठाऊक नाही" म्हणणे राजजोशाला शोभेना. बोट वर करून तो म्हणाला, "किल्ली दक्षिणेला..." आणि बोट तसेच वर राहिले. तिन्ही तांब्याचे पुतळे पागेच्या दाराशी उभे होते.

विसाजीची मुलगी भिवरा पागेच्या दाराशी घटका मोजण्याचे काम करी. पाण्याने भरलेल्या घंगाळात तळाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची; वाटी भरून बुडाली की एक घटका झाली म्हणून टोल द्यायचा. रोज सकाळी ती चिंचेच्या कोळाने बापाला घासून लखलखीत करी. पण तांब्यावरचा हिरवा कळंक काही हटेना. गुडघ्यापर्यंत चढला, कमरेपर्यंत चढला. म्हातारी माणसे म्हणत, कळंक छातीला भिडला की माणूस माघारी येत नाही.

तो बरगडीला लागला त्या दिवशी भिवरेने चिंच खाली ठेवली, घटकेची वाटी कमरेला बांधली, आणि प्रश्न पाहण्याची विद्या शिकायला ती निघाली.

रानात उंबराच्या ढोलीत घुबडाच्या जातीचा एक पिंगळा राहत असे. भर दुपारी हाक ऐकून तो एका डोळ्याने बाहेर डोकावला. "ही काय यायची वेळ? कोण आहेस?"

"मी भिवरा, विसाजी जोशांची. मला प्रश्न पाहायला शिकवा, गुरुजी."

"तुझ्या बापालाही मीच शिकवलं. शेवटच्या धड्याला पठ्ठ्या घरी पळाला होता. तीन कामं करशील?"

"करीन."

"मग उलट्या नदीचं पाणी या वाटीतून आण. वाटी वाटेत रिकामी होता कामा नये."

उलटी नदी समुद्राकडून डोंगराकडे वाहत होती. भिवरेने वाटीच्या भोकाला बोट लावून पाहिले, मेण लावून पाहिले. पाणी काही ठरेना. मग तिने कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर जे केले तेच करायचे होते! तिने काठावर पडलेले एक मडके भरून घेतले आणि वाटी त्यात सोडली. वाटी भोकातूनच भरली, बुडाली, आणि उंबरापाशी पोचेतो भरलेलीच राहिली.

"ठीक," पिंगळा म्हणाला. "प्रश्नाचा क्षण असाच गळका असतो. जन्मवेळ विचारू नकोस. प्रश्न तोंडातून निघाला त्या घटकेचं आकाश मांड. तेव्हा पूर्वेला उगवणारी रास ते पहिलं घर, म्हणजे विचारणारा. दुसरं घर कुटुंबाचं आणि ताटाचं. तिसरं भावंडांचं. चौथं राहत्या घराचं. सातवं समोरच्या माणसाचं. आणि चंद्र म्हणजे मन. चंद्र कुठं बसलाय ते आधी बघ. आता डोंगरावर हुंकारी राक्षसीण राहते, तिच्या प्रश्नाचं उत्तर देऊन ये."

हुंकारीने मूठ पुढे केली. "माझ्या मुठीत काय आहे, सांग. चुकलीस तर खाईन."

"हा प्रश्न नव्हे, परीक्षा आहे," भिवरा म्हणाली. "परीक्षेची कुंडली मांडत नाहीत. तुमच्या जिवाला काही लागलं असेल तर विचारा."

राक्षसिणीने मूठ उघडली. ती रिकामीच होती. "माझ्या आईची नथ हरवली गं. कुठं असेल?"

भिवरेने जमिनीवर कुंडली आखून ग्रहांच्या जागी तांदळाचे दाणे मांडले. चंद्र चौथ्या घरात होता, तोही पाण्याच्या राशीत. "घरातच आहे. पाण्याचा रांजण पाहा." हुंकारीने रांजण उलटा केला, नथ खणखणत बाहेर पडली. आनंदाच्या भरात तिने भिवरेला खांद्यावर घेऊन उंबरापाशी आणून सोडले.

"तिसरं काम अवघड," पिंगळा म्हणाला. "आता स्वतःचा प्रश्न विचार. एकदाच. आणि दिसेल तेच बोल."

"माझे बाबा परत येतील का?" भिवरेने विचारले आणि दाणे मांडले. सारे शुभ ग्रह सातव्या घरात होते, तिच्या घरात एकही नव्हता. तिला ते सोसवेना. "येतील," ती म्हणाली, "मी आणीन." त्या उंबराखाली खोटे खपत नसे. तिच्या करंगळीचे टोक गार पडले आणि तांब्याचे झाले. भिवरा रडली, मग डोळे पुसून म्हणाली, "येतील. पण माझ्या तोंडून नाही. समोर बसणाऱ्याच्या तोंडून." करंगळी पुन्हा मऊ झाली.

"झालीस शिकून," पिंगळा म्हणाला. "ज्या प्रश्नाला उत्तर नाही, त्याला नाही म्हणायचं. हाच धडा तुझ्या बापाचा राहिला. चल, मीही येतो. इथं कुणी झोपू देत नाही."

दोघे पागेत आले. विसाजीचा कळंक छातीपासून बोटभर अंतरावर होता. प्रधान पुढे झाला. "महाराजांचा प्रश्न आहे..."

"प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी पाठवत नाहीत," भिवरा म्हणाली. "महाराजांनी हातात सुपारी घ्यावी, समोर बसावं आणि स्वतः विचारावं. मागच्या तिन्ही वेळा प्रधानजींनीच विचारलं, म्हणून कुंडली त्यांची निघाली."

प्रधान लाल झाला. "म्हणजे... त्यात माझं काय काय दिसलं?"

राजा कुरकुरत पेटाऱ्यावरून उतरला आणि सुपारी घेऊन गवतावर बसला. "किल्ली कुठं आहे?"

वाटी बुडाली, टोल पडला. भिवरेने दाणे मांडले आणि हात जोडले. "महाराज, या प्रश्नाला उत्तर नाही. त्या दाराला कुलूपच नाही."

सात वर्षे सगळ्यांना ते दिसत होते, सात वर्षे कुणी बोलले नव्हते.

"मला मूर्ख ठरवतेस?" राजा गरजला. "तुला बेड्या घालीन!"

"घाला. पण आपलं मन किल्लीवर नाही. चंद्र तिसऱ्या घरात आहे. ते घर भावाचं."

राजा सुपारी हातात फिरवत राहिला. वाटी पुन्हा भरत आली. मग बारीक आवाजात, राजासारखे नव्हे तर घरच्या माणसासारखे, त्याने विचारले, "माझा जयमल्ल कुठं आहे गं? ताटावरून उठवला मी त्याला. तो जेवला असेल का?"

वाटी बुडाली. दूर राजवाड्यात करकर आवाज झाला, आणि शिपाई ओरडत आला, "दार उघडलं! महाराज, दार उघडलं!"

"राहू दे दार," राजा म्हणाला. "पोरी, उत्तर दे."

भिवरेने नव्या घटकेचे दाणे मांडले. पूर्वेला पुढची रास उगवली होती आणि चंद्राचे घर बदलले होते. ती हसली. "चंद्र दुसऱ्या घरात आला, कुटुंबाच्या आणि ताटाच्या. ते घरातच आहेत, महाराज. आपल्याच घरचं जेवतात. आणि पहिल्या घराला लागूनच आहेत, हाताच्या अंतरावर."

राजाने मान वळवली. मागे दाढीवाला मोतद्दार उभा होता. त्याच्या हातातला खरारा गळून पडला होता, आणि दाढीतून आसवे ओघळत होती.

"जया! सात वर्षं इथंच?"

"लांब जाववलं नाही, दादा."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही." मोतद्दाराने नाक पुसले. "पण तो डाव माझाच होता."

"तुझाच होता रे, तुझाच!" म्हणून राजाने त्याला छातीशी धरले.

एवढ्यात दाराशी कुणीतरी मोठ्याने म्हणाले, "...वडाखाली पुरलेली आहे!" विसाजी बोट वर करून उभा होता, हाडामांसाचा. शेजारचे दोन जोशी मान मोडून घेत होते. भिवरा धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली. "बाबा, ठाऊक नसेल तर नाही म्हणावं हो," ती हुंदके देत म्हणाली. विसाजीने अंगाचा वास घेतला. "मला चिंचेचा वास का येतोय?"

त्या दिवशी उघड्या दालनात पंगत बसली. जयमल्लाचे ताट राजाने स्वतः वाढले. ऐन वेळी अघोरकंठ प्रकटला, कुणाला न विचारता पाटावर बसला, आणि सात वर्षे राहिलेल्या पुरणपोळीचे उट्टे त्याने सात पोळ्यांनी काढले. भिवरेला राजाने राजजोशीण केले. पिंगळा सिंहासनाच्या छत्रावर बसून गाढ झोपला, आणि दरबारात "झोपमोड होईल" म्हणून कुणी उगाच आरडाओरडा करीनासे झाले.

जयमल्लाने पहिला घास मोडला, तेव्हा राजाने हळूच विचारले, "पोट भरेल ना?" या प्रश्नाची कुंडली कुणी मांडली नाही. जसे त्या घरचे ताट पुन्हा भरले, तसे ऐकणाऱ्यांचेही भरो.