काटे मिटून दिलेलं माप

सागाच्या एका रानात, ओढ्याच्या काठाला, एक म्हातारा साळिंदर राहत असे. राहत असे म्हणजे एकटाच पडून असे. पोरांनो, साळिंदर ठाऊक आहे ना? पाठीवर काळेपांढरे काटे, दिवसा झोपायचं आणि रात्री कंदमुळं उकरायची, असला प्राणी. ठाऊक नसेल तर घरच्यांना विचारा, सगळं इथंच कसं सांगायचं!

पूर्वी त्याचं बीळ भरलेलं होतं. थोरला, लेक, धाकटा आणि त्यांची आई, सगळी दिवसभर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपत. पोरांचे काटे तेव्हा कोवळे होते, गवताच्या काडीसारखे. मग पोरं मोठी झाली. थोरला आणि धाकटा डोंगरापलीकडे गेले, लेक घाटाखाली गेली. म्हातारी वारली. एका पुरात ओढ्यानं काठ खाल्ला आणि ते बीळही ढासळलं. साळिंदरानं स्वतःपुरतं एक भोक उकरलं. झोपेत तो अजूनही पाय लांब करी, आणि पायाला नुसती माती लागे.

वर्षातून एकदा, मोहाची फुलं गळू लागली की सगळी साळिंदरं माळावर जमत. रीतच होती तशी. रात्रभर फुलं खायची आणि उजाडलं की ज्यानं त्यानं आपापलं झुडूप गाठायचं. पोरंही येत. "बाबा, बरे आहात ना?" असं विचारत, आणि म्हातारा तोंड उघडेपर्यंत झुडपात शिरलेली असत. चार दिवसांत परत आपापल्या वाटेला. म्हाताऱ्याला फक्त एवढंच हवं होतं, की एकदा तरी सगळ्यांनी एका छपराखाली झोपावं. पण तोंडानं कबूल करील तर शपथ! "आली काय आणि न आली काय," असंच तो रानभर सांगत फिरे.

यंदा मात्र तो गुपचूप शिंप्याकडे गेला. शिंपी म्हणजे पानं शिवून घरटं करणारा तो चिमुकला पक्षी. तो सागाची पानं जोडून तंबू शिवत असे, आणि साळिंदर आपले गळालेले काटे त्याला सुयांसाठी आणून देत असे. त्यामुळे ओळख जुनी होती.

"किती जणांसाठी हवा, आजोबा?" शिंप्यानं विचारलं.

"सगळ्यांसाठी."

"सगळे म्हणजे कोण कोण?"

"आता माझी पोरं तुझ्यासमोर रांगेत उभी करू? थोरला, त्याची बायको, लेक, धाकटा, आणि त्यांची कच्चीबच्ची."

शिंप्यानं करवंदीच्या जाळीवर अंथरलेला एक भला मोठा तंबू दाखवला. "मग हा घ्या. दोन दारं आहेत, एकाला बाहेर जायचं तर दुसऱ्याला उठवायला नको. मध्ये आडपडदा आहे, लेकुरवाळ्या बायांना बरा पडतो. माथा उंच आहे, खालून वारा खेळतो."

साळिंदर आत जाऊन फिरून आला. त्याचं तोंड उतरलं. "हा तंबू आहे का गुरांचा कोंडवाडा? यात सगळी लांब लांब जाऊन पडतील. मग झुडपं काय वाईट होती? आणि आडपडदा कशाला? आम्ही काय एकमेकांची वऱ्हाडी मंडळी आहोत?"

"मग माप द्या. तसा शिवतो."

साळिंदर जमिनीवर आडवा झाला. काटे अंगाबरोबर मिटून घेतले, पोटही आत ओढलं. शिंपी गवताची काडी घेऊन त्याच्या कडेनं टुणटुण उड्या मारत गेला आणि थांबला.

"आजोबा, काटे उभे करून माप द्या."

"का म्हणून?"

"आहेत म्हणून."

"घरच्यांवर कोण काटे उभे करतं रे? ते परक्यांसाठी असतात. तू अक्कल शिकवू नको, गुमान शिव. अंगाला अंग लागलं पाहिजे माझ्या पोरांचं."

"बरं बाबा," शिंपी म्हणाला, "पोरं तुमची, अंग तुमचं." आणि त्यानं सांगितल्या मापाचा तंबू शिवून दिला.

मोह गळू लागला. पहिल्या रात्रीची फुलं खाऊन झाली, तांबडं फुटलं, पोरं झुडपांकडे वळली. तेवढ्यात म्हातारा तंबूच्या दारात उभा राहून ओरडला, "इकडं या! चोरासारखं झुडपात कुठं शिरता?"

थोरल्यानं तंबूभोवती एक फेरी मारली. "बाबा, यात आपण मावणार?"

"बिळात मावत होतास ना? मग इथं काय शिंगं फुटली तुला?"

सगळी हसली आणि आत शिरली. दाटीवाटीनं का होईना, मावली. लेकीचं पिल्लू आजोबाच्या पोटावर पाय टाकून झोपलं. म्हाताऱ्याच्या अंगाला मुंग्या आल्या, पण तो हलला नाही. किती वर्षांनी हा वास त्याच्या नाकात शिरत होता, ओल्या मातीचा, मोहाचा आणि आपल्या माणसांचा. सूर्यानं आज वर येऊच नये, असं त्याला वाटलं.

"ए, पाय आवर," थोरला बहिणीला म्हणाला.

"कुठं आवरू? सगळी जागा तूच धरलीस. पहिल्यापासून तसाच तू."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! आई आजारी होती तेव्हा आला होतास?"

"ओढ्याला पूर होता."

"आणि मला काय पायघड्या घातल्या होत्या? मी आले ना?"

"झोपा रे आता," म्हातारा कळवळून म्हणाला. पण झोपायचं कसं? थोरल्याला पाठ फिरवायची होती, फिरवायला जागा नव्हती. लेकीला उठून बाहेर जायचं होतं, दार सगळ्यांच्या डोक्यांपलीकडे होतं. आणि साळिंदराला राग आला की त्याचे काटे आपोआप उठतात, त्याला विचारून उठत नाहीत. लेकीचे उठले ते वहिनीच्या खांद्यात शिरले. ती किंचाळली, तिचे उठले. धाकटा झोपेतून दचकला, त्याचे उठले. खडखड खडखड असा एकच आवाज झाला आणि तंबू माथ्यापासून खालपर्यंत टराटर फाटला. मधोमध झोपलेलं लेकीचं पिल्लू कान धरून रडू लागलं. त्याच्या कानात काटा घुसला होता.

काटा थोरल्यानंच उपसला. मग तो बापाकडे वळला. "बाबा, तुमच्या हौसेपायी आज या पोराचा डोळा जायचा." दिवस कलायची वाटही न पाहता बायकापोरांना घेऊन तो डोंगराकडे निघाला. त्याच्यामागे धाकटाही मान खाली घालून गेला. पिल्लाचा कान सुजला होता, त्याला चालवेना, म्हणून लेक तेवढी एका झुडपाखाली थांबली.

म्हातारा चिंध्यांपाशी बसला. लेकीच्या झुडपापर्यंत गेला, आणि तिथूनच परत आला. संध्याकाळी तो पाय ओढत शिंप्याकडे गेला. "तो मोठा दे," एवढंच म्हणाला. शिंप्यानं तो गुंडाळून पुढं केला. शहाणा होता.

पहाटे लेक झुडपातून बाहेर आली, तर माळावर हा एवढा तंबू उभा, आणि बाप एकटाच खुंट्या ठोकतोय.

"आता कुणासाठी एवढा?" तिनं विचारलं.

"येतील त्यांच्यासाठी."

"मी तुमच्या थोरल्याशी बोलणार नाही हं या जन्मात."

"नको बोलू."

"तुमच्याशीपण."

"बरं."

लेक पिल्लाला घेऊन आत गेली. अगदी शेवटच्या कोपऱ्यात जाऊन बापाकडे पाठ केली, काटे ताठ उभे केले आणि झोपली. पण झोपली आतच.

म्हातारा बराच वेळ डोंगराच्या वाटेकडे बघत राहिला. मग आत येऊन त्यानं मधल्या मोकळ्या जागेतले खडे वेचले, पाचोळा बाजूला सारला, आणि ती सगळी जागा तशीच सोडून कडेला आडवा झाला.

तात्पर्य एवढंच : आपल्या माणसांसाठी आसरा निवडताना ती हसतखेळत असतात तेव्हाचं माप घेऊ नका; रुसली, रागावली तरी आतच राहू शकतील, एवढा मोठा घ्या.