पाथरवणच्या भिंतींना भोक का असते

पाथरवणमध्ये कोणत्याही घरापुढे उभे राहा, भिंतीला मुठीएवढे एक भोक दिसेल. गिलावा करताना ते बुजवत नाहीत. शाळेच्या भिंतीला आहे, देवळाच्याही आहे. चिमण्यांसाठी ठेवले असेल, असे मघाशी तुमच्यातले कोणी म्हणाले. चिमण्यांचे एवढे लाड आमच्या गावात कोणी करत नाही. तुम्ही वरच्या नव्या धरणावरची माणसे, तेव्हा तुम्हाला हे माहीत असलेले बरे. बसा.

ओढ्याच्या दोन्ही काठांना दगडी बांधकामाचे जे तुकडे उभे आहेत, ती एके काळी एकच भिंत होती. जहागीरदाराने पाणी अडवायला बांधली, असे सांगतात. तिच्या खाली चाळीस घरांची आळी होती. दगड चांगला, गवंडी चांगले, पण भिस्त सगळी चुन्यावर. चुना बैल जुंपलेल्या घाणीत दळायचा, मुरू द्यायचा, मग त्याचा गोळा करून पाण्याच्या घंगाळात तीन दिवस ठेवायचा. गोळा विरघळला नाही तरच त्या खेपेचा चुना भिंतीत जायचा. हे पाहायचे काम धुरपता नावाच्या विधवा गवंडिणीकडे होते. तिची पारख सगळे मानत. तिने हो म्हटल्याशिवाय दगड बसत नसे.

येसाजी मुकादमाला पावसाळ्याआधी भिंत उभी करून द्यायची होती. दर खेपेला तीन दिवस थांबणे त्याच्या जिवावर आले. त्याने म्हणे एक लहान घाणी वेगळी लावली. तिच्यातला चुना नीट दळायचा, नीट मुरवायचा, आणि धुरपताला दाखवायचे गोळे तेवढे त्याचे करायचे. भिंतीत जाणारा चुना आदल्या दिवशीच दळलेला असे. धुरपताने नऊ गोळे पाहिले आणि नऊही पसंत केले. ती खोटे बोलली नव्हती. तिच्यापुढे जे आले ते खरेच चांगले होते.

भिंत पुरी झाली आणि तिने सहज विळ्याचे टोक दगडांच्या सांध्यात घातले. चुना राखेसारखा खाली सांडला. ती तशीच जहागीरदाराकडे गेली. मुकादम तिथेच बसला होता.

"नऊ येळा तूच हो म्हनलीस," तो म्हणाला. "आता तुझाच शबूद खोटा म्हनायचा का?"

जहागीरदाराला मुकादमाचे पटले. मग तिने आळीत जाऊन लोकांना घरे सोडा म्हणून सांगितले. दोन-चार घरांनी गाठोडी बांधली. बाकीचे कुठे जाणार?

तेव्हा तिने शपथ घेतली, की भिंत उकलून पुन्हा रचेपर्यंत मी तिच्या पायथ्याशी राहीन. बुडवायचे तर आधी मला बुडवा. तिने तिथे चूल मांडली. बाईमाणसाचा जीव जाईल या लाजेने तरी काम उकलतील, असे तिला वाटले. तिथेच ती चुकली. मुकादम आळीत गेला आणि म्हणाला, "भित कच्ची आसती, तर धुरपता तिथं चूल मांडून बसली आसती का?" लोकांना पटले. बांधलेली गाठोडीही सुटली. मी भरवशाने नाही, भीतीने बसले आहे, असे सांगत ती दारोदार फिरली. लोक तिला पाणी द्यायचे आणि आपल्या कामाला लागायचे. गोष्टीत इथवर आलो की मला अजून राग येतो, आणि तो कोणावर धरावा ते कळत नाही.

पाऊस लागला, पाणी चढू लागले. अकराव्या दिवशी भर दुपारी तिने चूल मोडली. आपण उठलो तरच लोक उठतील, हे तिला तेव्हा उमगले असे सांगतात. शपथ मोडल्याचे पाप लागेल तर लागो म्हणत ती डोक्यावर भांडी घेऊन आळीकडे धावत निघाली. ती निम्म्या वाटेवर असताना भिंत मधोमध फुटली. आळीतले जे रानात गेले होते तेवढेच वाचले. आमचे घराणे त्यांच्यातले.

बांधणाऱ्याने हातात दिलेला नमुना घ्यायचा नाही, असे त्यांनी ठरवले. जो भिंतीच्या आडोशाला राहणार, त्यानेच गवंड्याला न विचारता मनाला येईल तिथे भोक पाडायचे, आणि निघालेला माल तीन दिवस पाण्यात ठेवायचा. भोक मात्र पारखल्याची खूण म्हणून तसेच ठेवायचे. आणि भरवसा दाखवायला म्हणून कोणी भिंतीखाली राहायला जायचे नाही.

आजही आम्ही हे पाळतो. चुन्याच्या जागी सिमेंट आले, तरी पाळतो. तुमच्या धरणाला भोक पाडायला गेलो तेव्हा मात्र पहारेकऱ्याने हटकले. आतल्या साहेबांनी तपासणीसाठी ओतलेले, ओळीने मांडलेले सिमेंटचे ठोकळे दाखवले, सगळे पक्के निघाले म्हणाले. निघाले असतील. परवा कळले, की मोठे साहेब बायकामुलांना घेऊन धरणाच्या पायथ्याशी राहायला येणार आहेत, आम्हाला धीर यावा म्हणून. माणूस चांगला असेल. त्यांना एवढा निरोप द्या, की पोरांना घेऊन तिथे येऊ नका, आम्हाला फक्त एक भोक पाडू द्या. पण निरोप लवकर द्या. माझी सून हीच गोष्ट ऐकत या गावात वाढली. साहेब येणार हे कळल्यावर तिनेही धरणाच्या भीतीने बांधून ठेवलेली भांडी काल सोडून पुन्हा फळीवर लावली.