भट्टीमागचा चोथा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की डोंगराच्या पायथ्याच्या त्या गावात तेव्हा दोनच वास यायचे, एक मेंढ्यांचा आणि दुसरा गवती चहाचा.

मेंढ्या होत्या दोन घरच्या. एक धुळा मेंढका, अंगाने आडवा आणि बोलण्यात त्याहून आडवा. दुसरी म्हाकूबाई, नवरा गेल्यापासून एकटीच कळप राखणारी. गवती चहाचा वास यायचा सुपडू भट्टीवाल्याकडून. तो मोठ्या हंड्यात गवत वाफवून त्याचं तेल काढायचा आणि उरलेला चोथा भट्टीमागे फेकून द्यायचा. त्या चोथ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

गावाची एक रीत होती. म्हसोबाच्या जत्रेला दोन्ही घरांनी एकेक मेंढा द्यायचा. सकाळी मेंढे कापायचे, मटण लिंबाच्या सावलीत टांगायचं आणि देवाची पालखी वाड्यावस्त्यांवरून फिरून परत आली की मगच चुली पेटवायच्या. पंचांनी दोन्ही हंड्यांतलं खायचं आणि ज्याचं मटण सरस, त्याला नदीकाठचं हिरवं कुरण वर्षभर द्यायचं. दुसऱ्याने डोंगरावरचा उघडा माळ तुडवायचा.

कुरण कितीतरी वर्षं धुळाकडेच होतं. कुरण त्याचं म्हणून मेंढे तुकतुकीत, आणि मेंढे तुकतुकीत म्हणून कुरण त्याचं. वर जत्रेआधी तो मेंढा दावणीला बांधून मका आणि पेंड चारायचा, मग काय विचारता.

त्या वर्षी म्हाकूबाईच्या माळावरचं गवत थंडीतच संपलं. या खेपेलाही कुरण हुकलं, तर कळप विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाजारातला दलाल येऊन मेंढ्यांच्या पाठी चाचपूनही गेला होता. तो गेल्यावर म्हाकूबाईने पदर खोचला आणि स्वतःशीच म्हणाली, "विकायच्या नाहीत. काय वाटेल ते होवो."

पण चारायचं काय? एक दिवस तिची एक लंगडी मेंढी मागे राहिली. म्हाकूबाई शोधत गेली, तर ही बया भट्टीमागे उभी राहून वाळलेला चोथा निवांत चघळतेय. म्हाकूबाईने चोथा हातात घेऊन हुंगला. तेल गेलं होतं, पण मंद वास अजून होता.

"सुपडूभाऊ, हा चोथा नेऊ का?"

"न्या की वहिनी. मला तो उचलून टाकायचाच त्रास."

बाकीच्या मेंढ्यांनी पहिल्या दिवशी तोंडसुद्धा लावलं नाही. नखरे करायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. म्हाकूबाईने चोथा उन्हात खडखडीत वाळवला, तुरीच्या भुशात मूठ मूठ मिसळला आणि रोज थोडा थोडा वाढवत नेला. कंटाळा नाही की खाडा नाही. हळूहळू मेंढ्यांना त्याची गोडी लागली.

गावाला मात्र चेष्टेला विषय मिळाला. धुळा पारावरून विचारायचा, "काय म्हाकूवहिनी, मेंढ्यांना चहा पाजता म्हणे. साखर घालता की नाही?"

"साखर तुम्ही आणा, भाऊजी. तुमचं बोलणं एवढं गोड, घरात ढीगभर असेल." एवढं बोलून ती चोथ्याची पाटी डोक्यावर घेऊन चालू लागायची. मनात राग यायचा. पण राग आला की तिची पावलं आणखी भरभर पडायची, एवढंच.

जत्रा तोंडावर आली तेव्हा तिची एक मेंढी कड्यावरून पडली. घरात तिचं मटण झालं, उरलेली तंगडी आढ्याला टांगली होती. दुसऱ्या दिवशी म्हाकूबाई बघते तर तंगडी तशीच लालबुंद, आणि मटणाला येतो तो उग्र दर्प जवळजवळ नाहीच. तिला भट्टीमागचा चोथा आठवला.

तेवढ्यात सुपडू आला. त्याच्या हातात तेलाची बाटली होती.

"वहिनी, चोथ्यात काय राहिलंय? सगळा अर्क या बाटलीत. जत्रेपर्यंत मेंढ्याला रोज पाजा. पंचांच्या नाकात वास नुसता घुमेल."

म्हाकूबाईला मोह झाला, खोटं कशाला सांगा. अख्खा कळप पणाला लागला होता. तिने बूच काढून बाटली मेंढ्याच्या तोंडापाशी धरली. मेंढा फुरफुरला आणि मान फिरवून मागे सरकला. ती थांबली.

"नको, भाऊ. याला पचेल तेवढं हा रोज खातोय. नाक दाबून पाजलेलं अंगी लागत नाही. व्हायचं ते चोथ्यावरच होऊ दे." तिने बाटली परत केली.

जत्रेच्या सकाळी दोन्ही मेंढे कापून लिंबाला टांगले. धुळाच्या मेंढ्यावर चरबीचा हा थर. म्हाकूबाईचा त्याच्यापुढे सडपातळ. पाटील बघताक्षणीच म्हणाले, "यात ठरवायचं काय आहे? कुरण धुळाचंच."

म्हाकूबाई पुढे झाली. "पाटील, टांगलेलं बघून निवाडा कधी झालाय? रीत आहे ती खाऊन सांगायची. पालखी येऊ द्या, शिजू द्या, मग माझं नाव काढा नाहीतर त्यांचं."

रीत मोडायला पाटीलही धजले नाहीत. झालं, सगळे पालखीची वाट बघत बसले. पालखी एरवी दुपारच्या आत यायची. त्या दिवशी प्रत्येक वस्तीने ती अडवली, ओवाळली, नाचवली. ऊन तापलं. दुपार कलली, तरी पालखीचा पत्ता नाही.

धुळाच्या मटणाचा रंग काळपट पडू लागला. चरबीला खवट वास सुटला, माशा घोंघावू लागल्या. म्हाकूबाईचं मटण सकाळी होतं तसंच लाल होतं. धुळाला घाम फुटला. तो गुपचूप भट्टीवर गेला, तीच बाटली घेऊन आला आणि सगळं तेल मटणाला चोळलं.

दिवस मावळताना पालखी आली. चुली पेटल्या, हंडे चढले. पंच जेवायला बसले. पाटलांनी धुळाच्या हंड्यातला घास तोंडात घातला आणि त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"अरे धुळा, हे मटण आहे की अंगाला लावायचं उटणं?"

मग त्यांनी म्हाकूबाईच्या हंड्यातला घास घेतला. बाकीच्या पंचांनीही घेतला. नुसतं वाढणाऱ्याकडे ताट सरकवणं चाललं होतं. शेवटी पाटलांनी हंड्यात डोकावून पाहिलं. तळाला रस्सासुद्धा उरला नव्हता.

"कुरण म्हाकूबाईचं," ते हात धुता धुता म्हणाले.

म्हाकूबाईने पदराने डोळे टिपले. तेवढ्यात धुळा मान खाली घालून तिच्यापाशी आला. "वहिनी, एक बाटलीभर तेलाने जमलं नाही, ते तुम्हाला चोथ्याने कसं जमलं?"

"बाटली तुम्ही आज दुपारी ओतली, भाऊजी. माझी पाटी थंडीपासून चाललीय." ती हसली. "आणि चोथा काय, भट्टीमागे अजून ढीग पडलाय. उद्या सकाळी या, पाटी मी देते. फक्त साखर तुमची तुम्ही आणा."

तात्पर्य एवढंच, पोरांनो: गुण रोज थोडा थोडा अंगात मुरवावा लागतो. ऐनवेळी वरून चोळलेला वास पहिल्या घासालाच उघडा पडतो.